पाचरवाला घ्यायचा की पिस्टनवाला?

लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, काम केलं की लोखंडाचा कीस ट्रेमध्ये पडतो, तसा साडीच्या निऱ्यांतही अडकतो, चपलेत शिरतो, एकदा तर आमटीत सापडला! आमच्या चौघांचे किस्सेही असेच. मी मुद्दाम जमवलेले नाहीत. एकटी असते, घर झाडायला घेतलं की निघतात.

चौघं म्हणजे कोण? मी, कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेली. मंगळवार पेठेत घर, खाली स्कूटरच्या जागी छोटा लेथ. पोवार डॉक्टर, दातांचे. जयसिंगपूरचे अण्णा, म्हशींच्या गोठ्याचे. आणि मोहिते, साखर कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त. बायको गेलेली, मुलगी नाशिकला. चौघांनाही पितळ-लोखंड कातायचा नाद. दोघांचं घरात कुणी ऐकत नाही, आणि मोहित्यांच्या नि माझ्या घरात ऐकायलाच कुणी नाही! म्हणून रविवारी सगळे माझ्याकडं.

*

लेथवर हत्यार पकडून ठेवतो तो टूलपोस्ट; जुन्या टूलपोस्टवर कटकट एकच. हत्याराचं टोक बरोबर जॉबच्या, म्हणजे कातायच्या तुकड्याच्या, मध्यावर यावं लागतं, त्यासाठी खाली पत्र्याचे तुकडे सारायचे. हत्यार बदललं की पुन्हा पहिल्यापासून.

डॉक्टरांना पत्रे कापायचा कंटाळा. एकदा आम्ही त्यांच्याकडं गेलो, तर हत्याराखाली काहीतरी काळं, चकचकीत.

"जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या आहेत," डॉक्टर खुशीत म्हणाले. "जाडी कशी एकसारखी!"

अण्णांनी एक पट्टी उजेडाकडं धरली. आत कुणाची तरी अक्कलदाढ!

"आवं डॉक्टर, उपटली ती उपटली, आता तिच्यावर लोखंडबी ठिवलंय व्हय?"

त्या दिवशी ठरलं, सगळ्यांनी क्विक-चेंज टूलपोस्ट घ्यायचा. प्रत्येक हत्याराला स्वतःचा होल्डर, उंची एकदाच लावायची, सरकवला की दांडी फिरवून घट्ट.

*

पहिला घेतला डॉक्टरांनी, ऑनलाइन फोटो बघून. खोका उघडला तर टूलपोस्ट दोन हातांनी उचलावा एवढा! त्यांच्या लेथवर बसवला, होल्डर अगदी तळाला नेला, तरी हत्याराचं टोक जॉबच्या डोक्यावरून बघत होतं. कापणार काय, कपाळ?

परत पाठवायची मुदत टळून गेली. आता तो दवाखान्यात टेबलावर असतो, कागद उडू नयेत म्हणून.

"पेशंट येतो, त्याच्याकडं बघतो आणि विचारतो, डॉक्टर, हे दात काढायचं आहे काय?" डॉक्टर सांगतात. "मी नाही म्हणतो. मग काय, पेशंट स्वतःहून तोंड उघडतो!"

*

पुढं वाद पेटला, पाचरवाला घ्यायचा की पिस्टनवाला? पिस्टनवाल्यात होल्डर आतून गोल दट्ट्यानं दाबला जातो. पाचरवाल्यात पाचर सरकून त्याला पूर्ण लांबीभर आवळते. मी कागदावर बलांच्या बाणांची आकृती काढली. बऱ्याच दिवसांनी कुणाला तरी शिकवत होते, जरा जास्तच बाण काढले.

अण्णांनी कागद उलटा-सुलटा बघितला. "ताई, साधं हाय. पिस्टनवाला म्हंजी नवा गडी, धार काढताना दोन बोटांनी चिमटा घेतोय. पाचरवाला पुऱ्या मुठीनं धरतोय."

माझ्या सगळ्या बाणांचं काम एका म्हशीनं केलं!

"मग तुम्ही कुठला घेतलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"पिस्टनवाला. दूध निघतंय की!"

*

मी मात्र पाचरवाला घ्यायचं ठरवून शिरोली एमआयडीसीजवळच्या एका दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसानं माझ्या मागं कुणी आहे का बघितलं.

"बोला मावशी, कंपनी कुठली?"

"कंपनी नाही. घरचा लेथ आहे."

"मग मिस्टरांना पाठवा की."

"मिस्टर नाहीत."

"बरं, मुलाला?"

"तोही नाही."

"आन् मग लेथवर बसतंय कोण?"

"मीच."

त्यानं टूलपोस्ट काढून पुढं ठेवला, दांडी फिरवून दाखवली. खटकन आवाज. "ह्यानं टाइम लई वाचतोय बगा," तो म्हणाला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. "पर मावशी, वाचलेल्या टायमाचं तुमी करणार काय?"

मी म्हटलं, "बिल करा."

*

घरी येऊन बसवला. होल्डर लावला, काढला, पुन्हा लावला. काय तो आवाज! पण दाखवणार कुणाला? रविवार लांब होता. शेवटी बेळगावला बहिणीला फोन लावला आणि फोन दांडीजवळ धरला.

"ऐकलंस?"

"ऐकलं की. दाराला नवी कडी लावलीस होय? बरं केलंस गं, एकटीच असतेस!"

*

माझ्या आणि मोहित्यांच्या टूलपोस्टचं माप एकच. पार्टिंगचा होल्डर, म्हणजे तयार तुकडा दांड्यापासून कापून वेगळा करणारं हत्यार ज्यात बसतं तो, माझ्याकडं होता. मोहिते अधूनमधून मागायला यायचे.

"बाई, मोकळा हाय काय?"

बसायचे, चहा घ्यायचे, मधेच मोबाइल उघडून बघायचे आणि पुन्हा खिशात ठेवायचे. होल्डर रुमालात गुंडाळून न्यायचे. परत द्यायला आले की पुन्हा चहा.

एकदा मी म्हटलं, "मोहिते, स्वतःचा घेऊन टाका की एक!"

"बघतोय की. चांगला मिळंना झालाय."

परवाच्या रविवारी ते आले नाहीत. ताप होता. मी पेजेचा डबा घेऊन गेले, पहिल्यांदाच त्यांच्या घरी. पुढच्या खोलीत लेथ, वर चादर.

"तुमचा होल्डर फळीवर हाय बगा, घेऊन जावा," ते आतून म्हणाले.

फळीवर माझा होल्डर होता, रुमालातच. त्याच्या शेजारी तेलकट कागदात आणखी एक. कागदावर धूळ, एक कोपरा फाटलेला. पार्टिंगचाच, तेच माप. पात्याला एक ओरखडाही नव्हता.

मी कागद नीट लपेटला. वळले तर मोहिते शाल गुंडाळून दारात उभे.

"ताप उतरला?" मी विचारलं.

"उतरतोय."

मी माझा होल्डर होता तिथं परत ठेवला. "हा राहू दे इथं. बुधवारी न्यायला मीच येते."

मोहिते चौकट सोडून बाजूला झाले. मी चपला घातल्या, जिना उतरायला लागले, तेव्हा वरून म्हणाले,

"बाई, चहात साखर किती घालायची, तेवढं सांगून जावा की."