बेदाण्याचे देठ

माझ्या मुलीला एका पुस्तकाचं वेड लागलं होतं. त्यातल्या चोरीच्या गोष्टी वाचून चोर आपणच ओळखायचा; उत्तर शेवटच्या पानावर. तेव्हापासून साताऱ्याच्या आमच्या घरात एकही माणूस संशयातून सुटला नव्हता.

त्यातच तासगावहून माझे वडील राहायला आले. येताना त्यांनी घरच्या द्राक्षं वाळवायच्या शेडवरचे बेदाणे आणले. त्यांना मधुमेह, म्हणून डबा मी वरच्या फळीवर ठेवला. तरी बेदाणे रोज कमी व्हायला लागले. नवरा गोडखाऊ, मी त्याच्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं.

"चोर बाबा नाहीत," मुलगी म्हणाली. "ते मूठभर बेदाणे देठांसकट तोंडात टाकतात. चोरानं एकेक देठ खुडून तुळशीच्या कुंडीत टाकलेत."

देठ खुडून खायची खोड तासगावची. मी वडिलांकडे रोखून पाहिलं.

"माझ्याकडं काय बघतीस? तू बी तासगावचीच हायस की!"

दुसऱ्या दिवशी कुंडीत एकही देठ नव्हता. बेदाणे मात्र दुपटीनं कमी झाले होते, आणि माझी गुप्तहेर आजोबांना चिकटून बसली होती.

"पुरावा कुठाय, आई?" तिनं भरल्या तोंडानं विचारलं.