पिनेची दिशा ठरण्याआधी

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला मी सातपूरच्या एका छोट्या कारखान्यात होतो. मालक पत्र्याचे सुटे भाग ठोकून देण्याची कामं घेत. हवेच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसला मायक्रोप्रोसेसर बसवून तशा प्रेस विकायच्या, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यासाठी त्यांनी मला ठेवलं. शेडच्या कोपऱ्यात प्लायवूडची खोली, एक टेबल, एक सोल्डरिंग गन, बाहेर दिवसभर ठोकाठोक.

मी जे लिहीत होतो त्याला आम्ही कर्नेल म्हणत असू. आजच्या मानाने ते फारच किरकोळ होतं, पण काम तेच. चिपच्या पिनांना बाहेरची यंत्रं जोडलेली असतात. एका पिनेवर हवेचा व्हॉल्व्ह, जो उघडला की प्रेस खाली येते, एकीवर दिवा, एकीवर सुरक्षेचं बटण. प्रेस चालवणाऱ्या प्रोग्रामने या पिनांना परस्पर हात लावायचा नाही. त्याने कर्नेलकडे मागणी करायची: ही पिन दे, तिची दिशा बाहेरची ठेव, म्हणजे तिच्यातून हुकूम बाहेर जाईल, आणि तिच्यावर शून्य लिही, म्हणजे बंद कर. मगच कर्नेल ते करणार. कुणीही चुकीचा प्रोग्राम लिहिला तरी माझ्या कर्नेलला विचारल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडणार नाही, याचा मला भारी अभिमान होता.

वीज आल्यावर कर्नेल आधी मेमरी तपासायचा आणि मग पिनांच्या दिशा ठरवायचा. हा क्रम माझा. तपासणीला दोनेक सेकंद लागत. तेवढा वेळ पिना अधांतरी, कुणाच्याच हुकमाविना असत, आणि आमच्या सर्किटमध्ये अधांतरी पिन म्हणजे चालू. म्हणजे व्हॉल्व्ह दोन सेकंद उघडा. हे माझ्या ध्यानात आलं नाही, कारण रोज सकाळी आधी प्रेसचं पॅनेल चालू व्हायचं आणि सर्वांत शेवटी कॉम्प्रेसर. व्हॉल्व्ह उघडा असला तरी नळीत हवाच नसायची. काही हलायचं नाही.

पहिली प्रेस ज्याच्या हाती दिली तो दिंडोरीकडचा, पस्तिशीचा, शांत माणूस. बौद्ध होता, दीक्षेच्या प्रतिज्ञा मनापासून पाळणारा. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असायची. तो दरवर्षी मशीन लख्ख पुसायचा आणि पूजेच्या वेळी बाहेर बाकावर जाऊन बसायचा. त्यावरून थट्टा चालायची.

"काय हो, तुमच्या मशीनला आज सणाची अंघोळ नाही का?"

"मी रोज घालतो तिला. तुमच्यावानी वर्षातून एकदा नाय."

त्या वर्षी मात्र मालक अडून बसले. नवी प्रेस, पहिली पूजा. "ज्याचं मशीन त्यानंच कुंकू लावायचं," ते म्हणाले. तो पुसायचं फडकं हातात घेऊन तसाच उभा. सगळे थांबलेले. मग मीच म्हणालो, "लावा हो, बोटभर कुंकवानं काय होतंय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमची मशीन हाय साहेब. तुमच्यासाठी लावतो."

पूजा दारापासून आत सरकत आली होती. दाराशी कॉम्प्रेसर. तो सर्वांत जुना, म्हणून पहिला मान त्याचा. त्याला हार घातला, नारळ फोडला आणि शुभ म्हणून चालू करून तसाच ठेवला. आमच्या प्रेसपर्यंत येईतो हवा नळीत भरून बसली होती. तो वाकला आणि खालच्या डायवर, पत्रा ठेवायच्या साच्यावर, कुंकू लावू लागला. आरती सुरू झाली होती. पॅनेलचे दिवे आरतीत लागावेत म्हणून मालकांनी हौसेने मेन स्विच वर केला.

प्रेस खाली आली. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

दवाखान्यातून येऊन मी पॅनेल उघडलं. डायवर भेंडी ठेवली, हवा भरली, स्विच वर केला. भेंडीचा चेंदामेंदा झाला. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

चौकशीला सरकारी साहेब आले. त्यांचे प्रश्न ठरलेले होते. बटण कुणी दाबलं? कुणीच नाही. हात डायमध्ये होता? होता. हात घालायची परवानगी असते? नाही, पण— "पण नको, एवढंच सांगा." तरी मी पिना, दिशा, मेमरी असं काहीतरी सांगायला लागलो. त्यांनी मालकांकडे पाहिलं, मालकांनी माझ्याकडे. "म्हणजे मशीन आपोआप चाललं?" साहेबांनी विचारलं. आपोआप नाही, मी म्हणालो, आणि पुढचं वाक्य काही केल्या जुळेना. कामगाराचा निष्काळजीपणा, असं लिहिलं गेलं. साक्षीदार म्हणून माझी सही घेतली आणि मी ती केली. चार दिवसांनी मी क्रम बदलला: आधी पिना, मग मेमरी. दोन ओळी वर सरकवायला लागल्या.

कारखान्यात बोललं जाई, "मनापासून केलं नाही ना, म्हणून झालं." त्याच्या वस्तीत बोललं जाई, "केलंच कशाला?" त्याला प्रेसवरून काढून गेटवर बसवलं. तिथे त्याच्याशी कुणी फारसं बोलत नसे आणि तोही मान वर करीत नसे.

त्याच्या मनात काय चाललंय ते कळत होतं. म्हणून एका रविवारी त्याच्या घरी गेलो. दोन खोल्या, भिंतीला निळा रंग, दोन मुली अभ्यासाला बसलेल्या. बायकोने पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, जमेल तितकं सोपं करून. पाण्याचा नळ अर्धवट उघडा राहावा तशी ती पिन होती, म्हणालो. तुमचा दोष नाही, प्रतिज्ञेचा नाही, कुंकवाचा नाही, माझ्या लिहिण्याचा आहे.

त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग हसला.

"बरं वाटावं म्हणून बोलताय साहेब. लय चांगलं मन हाय तुमचं."

"अहो, खरं सांगतोय."

"कागदावर सही कुणाची हाय?"

"माझी."

"मग? कागद खोटा का हे खोटं?"

कागद खोटा, असं मी म्हणालो. ते इतक्या हळू म्हणालो की मलाच खरं वाटेना. बायको म्हणाली, "जाऊ द्या ना आता, साहेब घरी आलेत." तो मुलींकडे बघत होता.

"यांना मी सांगितलंय, बापानं शब्द मोडला, त्याचं फळ मिळालं. तुम्ही कुणाच्या भिडेला पडू नका, असं बजावलंय यांना. पोरींनी ऐकलंय ते." मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "आता तुम्ही म्हणता त्याचा काही संबंधच नाय. मग बोटं गेली कशापायी?"

चहा आला. तो डाव्या हाताने कप धरायला शिकला होता. मेमरी तपासण्यापायी, हे उत्तर मला ठाऊक होतं. त्या घरात, त्या मुलींसमोर, ते काही माझ्याच्याने बोलवलं नाही.