राहुकालात अडकलेली समर टाइमची टूर

पाच वाजून गेले तरी ग्रुप चर्चसमोरच उभा. ग्रुपमधल्या एका आजोबांनी राहुकाल काढला होता.

मी इंगोलश्टाटमध्ये वॉकिंग टूर देते, म्हणजे लोकांना गावातून चालवत गोष्टी सांगते. माझी शाळा नववीतच सुटली. लग्न होऊन इथे आले, हॉटेलात भांडी घासता घासता जर्मन शिकले. टूर कंपनीच्या मालकीणबाई फ्राऊ लांग यांनी सर्टिफिकेट न मागता मला कामावर घेतलं, हे उपकार मी विसरत नाही. पण प्रोबेत्साइट, म्हणजे माणूस पारखायची मुदत, संपत आली होती. मला ठेवायचं की नाही हे ठरवायला त्या स्वतः टूरला आल्या होत्या.

विषय होता समर टाइम. मार्चअखेरच्या रविवारी इथे घड्याळं एक तास पुढे करतात. पहिल्या महायुद्धात दिव्यांचा कोळसा वाचवायला हे देशभर पहिल्यांदा जर्मनीनंच केलं. टूर मुद्दाम त्याच रविवारी ठेवलेली. ग्रुप पुण्याच्या इंजिनिअरांचा, सोबत आईवडील.

आजोबा म्हणाले, रविवारी साडेचार ते सहा राहुकाल, सहानंतर निघू.

"अहो बाबा," त्यांचा मुलगा मंदार म्हणाला, "पहाटेच घड्याळ पुढे केलंय. सूर्याच्या हिशेबानं आत्ता चारच वाजलेत. राहू काय जर्मन घड्याळ बघून येतो?"

झालं. प्रत्येकाला मत होतं. एकानं पंचांगाचं ॲप उघडलं, एकीनं पुण्याला गुरुजींना फोन लावला. मी आपली चला, चला म्हणतेय. फ्राऊ लांग मनगटाकडे बघतायत.

अर्ध्या तासानं आजोबांना पटलं. मी हुश्श करून निघणार, तोच त्यांनी चर्चच्या घड्याळाकडे पाहिलं.

"साडेपाच. म्हणजे तुझ्या हिशेबानं साडेचार. राहुकाल आत्ता लागला बघ."

डोकं आपटावंसं वाटलं.

"आजोबा, निघायचं नाही. पण ऐकायला चालेल?"

"ऐकायला कशाची हरकत?"

मग अख्खी टूर उभ्याउभ्या सांगितली. कोळसा, दिवे, कारखान्यांच्या पाळ्या, धारेची वेळ बदलली म्हणून चिडलेले शेतकरी. "गाईला कोण समजावणार?" आजोबा म्हणाले, आणि प्रश्नांवर प्रश्न सुरू झाले.

शेवटी फ्राऊ लांगनी मला बाजूला घेतलं. "ही चालायची टूर ना? चाललं कोण?"

मी राहुकाल समजावला. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसेना.

"असो, पण एकही माणूस मधून गेला नाही," त्या म्हणाल्या. "उद्या ये, कॉन्ट्रॅक्टवर सही कर."

आता मराठी ग्रुपचा फोन आला, की मी आधी राहुकाल विचारते. माणसं किती, ते नंतर.