पुठ्ठ्यातली अकरा नावं

"भाऊ, फौजदार माह्या घराची झडती घेऊन राह्यला. हे वही वाचव," म्हणत शिरपूरच्या सुभद्राबाई दुकानात शिरल्या आणि खळीच्या पातेल्याशेजारी वही आपटून मोकळ्या झाल्या.

मी वाशिमला बाइंडिंगचं काम करायचो. पोलीस ठाण्याची रजिस्टरं माझ्याकडेच यायची. चळवळीशी माझा संबंध एवढाच, की तिची पत्रकं पुठ्ठ्यात भरायला बरी पडायची.

वही उघडली आणि कपाळाला हात लावला. बाईंनी सभांची पत्रकं, वर्तमानपत्रांची कात्रणं चिकटवली होती, ते ठीक. पण त्या वर्षी, १९३० साली, गावकऱ्यांनी कायदा मोडायचा म्हणून सरकारी जंगलातलं गवत कापलं होतं. त्यातल्या अकरा जणांच्या अकरा काड्या एका पानावर ओळीने लावलेल्या, आणि समोरच्या पानावर शिसपेन्सिलीने त्यांची नावं. नुसती नावं नव्हेत. बापाचं नाव, मौजे, तालुका. एकाने तर शेताचा सर्व्हे नंबरही घालून घेतला होता. पटवाऱ्यापुढे बसायची सवय, दुसरं काय! पोलिसांना चौकशीची तसदीच नको.

"हे कायले लिहिलं?" मी विचारलं.

"सारेच मांगं लागले, माह्यंबी लाव, माह्यंबी लाव."

"ते पान चुलीत घाला."

"नावं जाळली तं राह्यलं काय? गवत?" बाई कडाडल्या. "पन पोलिसाले सापडू नको देऊ. सोंगनी तोंडावर हाय. अकरा घरचे गडी आत गेले तं ज्वारी कोन सोंगन?"

टेबलावर ठाण्याचंच एक रजिस्टर होतं. गावोगावच्या बदमाशांची नोंद ठेवतात ते. त्याचा पुठ्ठा बनवणं चालू होतं. पुठ्ठा म्हणजे रद्दी कागदांचे थर, एकावर एक खळीने चिकटवलेले. खळ म्हणजे शिजवलेला मैदा. त्यात मोरचूद घातला की कसर लागत नाही. मी नावांचं पान कापलं, मधल्या थरात घातलं, वर आणखी चार कागद चढवले आणि प्रेसचा दांडा आवळला. शिसपेन्सिल ओल्याने पुसत नाही, म्हणून हिंमत केली.

तेवढ्यात फौजदार आलेच. वही चाळली, काड्या मोजल्या.

"हे गवत कोणाचं?"

"सरकारचंच हाय, साहेब. मनूनच तं कापलं," बाई म्हणाल्या.

मला हसू फुटलं. त्याबद्दल एक थोबाडीत खाल्ली. वही जप्त झाली.

"आणि ठाण्याचं रजिस्टर?" फौजदारांनी जाता जाता मला विचारलं.

"ओलं आहे, साहेब. परवा देतो."

"घट्ट बांध. सरकारी काम आहे."

"घट्टच बांधलंय."

अकराही जणांनी आपापली ज्वारी सोंगून, म्हणजे कापून, घरी आणली. वही काही परत मिळाली नाही. ते रजिस्टर पुढे कित्येक वर्षं ठाण्यात वापरात होतं, आणि समोरून शिपाई आला की मी रस्ता बदलायचो.

स्वातंत्र्य आलं. नवीन फौजदारांनी ते फाटकं रजिस्टर नव्या पुठ्ठ्यासाठी माझ्याकडेच पाठवलं. जुना पुठ्ठा वाफेवर धरला, एकेक थर सोडवला. पान अख्खं निघालं, सर्व्हे नंबरासकट. मला रडू आलं, यात लाजण्यासारखं काही नाही.

सुभद्राबाईंनी ते पान शिरपूरच्या झेंडावंदनाला वाचायचं ठरवलं. समोर खुर्च्यांवर, आपण गवत कापलं असं वर्षभर सांगत फिरणारी मंडळी हार घालून बसली होती. त्यातल्या एकाने आदल्या दिवशी मला गाठून विचारलंही होतं, "मास्तर, एखादं नाव बसन काय त्यात?" मी म्हटलं, बसायला जागा आहे, पण पेन्सिल बाईंकडे आहे.

"ज्याचं नाव घेतलं त्यानं उभं राहावं," बाई म्हणाल्या आणि वाचू लागल्या. दोघं वारले होते. त्यांची मुलं उठली. बाकीचे नऊ जण मागे, जमिनीवर बसलेल्यांतून उठले.

खुर्च्यांवरचं कोणी हललं नाही. तेव्हापासून माझं एकच मत आहे: यादी आधी वाचावी, खुर्च्या नंतर मांडाव्यात.