हेमराजचे चार टायर

मुखरूला आयुष्यात कशाचा हेवा वाटला नव्हता असं तो स्वतः सांगायचा. आणि खोटं सांगायचा. शेजाऱ्याचा आंबा आधी मोहरला तरी त्याच्या पोटात दुखायचं. पण हेमराजच्या चार टायरांनी त्याची जी झोप उडवली, तसं काही तोवर झालं नव्हतं.

मुखरू सव्वीस वर्षांपासून गडचांदूर ते जिवती काळीपिवळी जीप चालवतो. घाटातलं वळण न् वळण त्याला तोंडपाठ. कुठं बैल आडवे येतात, कुठं कोणाची म्हातारी हात दाखवते, सगळं ठाऊक. हेमराजला स्टिअरिंग धरायला त्यानंच शिकवलं, चार शिव्या आणि एक टप्पल देऊन. आणि आज तोच हेमराज त्याच रस्त्यावर स्वतःची जीप घेऊन उभा! तिथवर मुखरूनं कसंबसं गिळलं होतं. पण भादव्याच्या सुरुवातीला हेमराजनं चारही टायर एकदम नवे टाकले आणि स्टँडवरची माणसं फितूर झाली.

"हेमराजची गाडी काही अलगच चालून राह्यली बाप्पा," चहावाला सांगायचा. "वळणावर हलत नाई. ब्रेक मारला का जागच्या जागी."

"टायर चांगले आहेत, ड्रायव्हर नाई," मुखरू म्हणायचा. पण म्हणताना नजर स्वतःच्या टायरांकडे जायची. त्यांची नक्षी पार झिजली होती. असल्या टायरांना आमच्याकडे गोटा म्हणतात, आणि मुखरूकडे असे चार गोटे होते. गाडी आपोआप डावीकडे ओढायची, जोरात निघाली की स्टिअरिंग हातात थरथरायचं. सव्वीस वर्षं मुखरू यालाच रस्ता खराब म्हणत आला होता.

हेही चाललं असतं. पण लेकीचा फोन आला. दिव्यानी जिवतीच्या पलीकडे दिलेली, पहिलटकरीण, सातवा लागलेला. बाळंतपणाला तिला माहेरी आणायचं ठरलं होतं.

"बाबा, रविवारी येता नं?" ती म्हणाली. "पण हेमराजकाकाच्या गाडीनं या. तुमच्या गाडीत लय हिसके बसतात. यायलेही तसंच वाटते."

'यायले' म्हणजे जावई, रोशन. मुखरूच्या अंगाचा तिळपापड झाला. पोटची पोर, बापाची गाडी दारात, आणि बसणार कुठं? हेमराजच्या गाडीत!

"माही पोरगी माह्याच गाडीत येईल," त्यानं बायकोला, मनकर्णाला, बजावलं.

"येऊ द्या. पण धड येऊ द्या," मनकर्णा म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी मुखरू पोचूच्या टायरच्या दुकानात. चारांचे पैसे काही जमले नाहीत, दोन घेतले. कुठं टाकायचे? त्यात विचारायचं काय! स्टिअरिंग पुढं, इंजिन पुढं, आणि मुख्य म्हणजे स्टँडवर उभ्या माणसाला गाडी पुढूनच दिसते. दोन्ही पुढं टाकले, त्यांच्याखाली एकेक लिंबू ठेवून चिरडलं, आणि गाडी मुद्दाम हेमराजच्या नाकासमोर लावली.

हेमराजनं वाकून पाहिलं. "मुखरूभाऊ, नवे मांगं टाका न जी. मांगचे गोटेच आहेत. पाण्यात बूड फिरते गाडीचं."

"तुले क्लच कोनं शिकवला बे?"

"तुमीच जी."

"मंग मले नको शिकवू." पोराच्या पोटात दुखून राह्यलं, दुसरं काय, असं मुखरूला वाटलं. ज्याला स्वतःला कावीळ, त्याला जग पिवळं.

शनिवारी तो रिकामी गाडी घेऊन घाटात निघाला, उद्याची रंगीत तालीम म्हणून. झिमझिम चालू होती. आणि काय सांगू, गाडी पहिल्यांदा त्याचं ऐकत होती! स्टिअरिंग बोटभर फिरवावं, तोंड तेवढंच वळावं. थरथर गायब. मुखरू खुलला. उतारावर ज्या वळणाला तो रोज गाडी हळू घ्यायचा, तिथं त्या दिवशी त्यानं ती तशीच घातली. पुढची चाकं इमानदारीनं वळली. मागची वळलीच नाहीत. बूड जे सरकलं ते सरकतच गेलं, झाडं डोळ्यांसमोरून फिरली, आणि गाडी थांबली तेव्हा तिचं तोंड आल्या दिशेला होतं आणि मागचं चाक नालीत.

मुखरूला खरचटलंही नाही. पण त्यानं मागं वळून पाहिलं. मागची सीट रिकामी होती. उद्या तिथं दिव्यानी बसणार होती.

थोड्या वेळानं मागून आला कोण? हेमराजच. दोर बांधला, गाडी ओढून काढली, आणि एक शब्द बोलला नाही. 'सांगितलं होतं नं' एवढं तरी म्हणायचं! मुखरूनं शिवी तयार ठेवली होती, ती तशीच वाया गेली.

मागचे-पुढचे टायर आपसांत बदलायला पोचूला वेळ लागला नसता. पण मग पुढं गोटे आले असते. दोन नव्यांनी चार होत नाहीत, हे मुखरूला घाटानं शिकवलं होतं.

"उद्या पोरीले तुह्याच गाडीनं आनू," तो हेमराजकडे न बघता म्हणाला.

रविवारी दिव्यानीला मनकर्णानं मागच्या सीटवर उशा लावून बसवलं. जिवती सुटायच्या आत पोरगी झोपली. मुखरू पुढं, हेमराजच्या शेजारी. घाट लागायच्या आधी हेमराजनं गाडी बाजूला घेतली, खाली उतरला आणि हळूच म्हणाला, "घ्या भाऊ. पोरगी तुमची आहे."

मुखरूनं स्टिअरिंग धरलं. कालचं वळण आलं. पुढची चाकं वळली आणि मागची त्यांच्या मागोमाग, बैलजोडीसारखी. पाणी साचलं होतं, गाडी हलली नाही. ब्रेक दाबला की थांबत होती, सोडला की निघत होती. आणि मुखरूचा हेवा जावा की नाही? उलट दुप्पट झाला. एवढं सुख हा पोट्टा रोज भोगून राह्यला!

घरासमोर गाडी लावून तो आधी उतरला आणि मागचं दार उघडून उभा राहिला. हेमराज पिशव्या काढत होता. दिव्यानीनं डोळे चोळले.

"आलो बी? हेमराजकाका, घाट कवा गेला मले समजलंच नाई. किती मस्त चालवता हो तुमी! बाबानं आनलं असतं तं माह्यं काही खरं नव्हतं."

"अवं, घाटातून मीच आनलं तुले!" मुखरू ओरडला.

दिव्यानीनं हेमराजकडे पाहिलं.

"हव, खरंच बाई. बाबाच होते."

"काका, तुमी बी नं! बाबाचं मन राखाले काई बी सांगता," ती हसली. मनकर्णाही हसली, तिला तर खरं माहीत होतं, तरी हसली. दोघी घरात गेल्या.

मुखरू अंगणात एकटा राहिला. सव्वीस वर्षांत पोरीनं एका ड्रायव्हरची तारीफ केली, तो ड्रायव्हर तो स्वतः होता, आणि जळायचंही त्यालाच होतं. त्यानं हेमराजच्या मागच्या टायरला एक सणसणीत लाथ हाणली. मग कोणी बघत नाही असं पाहून खाली बसला आणि त्याच टायरच्या खोल नक्षीवरून बोट फिरवत राहिला.