शेडमधलं ऊन

कुंभारवाड्याकडच्या एका वाडीतली रुक्मा वेळीप रामनगरच्या सोलर पॅनेल तपासायच्या शेडमध्ये झाडलोटीला लागली, तेव्हा आत पुरुषभर उंचीचा खोलगट आरसा आणि त्याच्यासमोर एक दिवा पाहून ती चकितच झाली. जोयडा तालुक्यात पावसाचे चार महिने धड ऊन पडत नाही, आणि पॅनेलची तपासणी तर थांबवता येत नाही. म्हणून हे बनावट ऊन. दिवा क्षणभर लखकन पेटायचा, आरशावरून उजेड सरळ रेघांनी पॅनेलवर यायचा. पॅनेलही घरांवर असतं तसलं नव्हतं. वर भिंगांच्या रांगा, प्रत्येक भिंगाखाली नखाएवढा सेल. सगळं ऊन त्या नखावरच गोळा व्हायला हवं.

पाच वर्षांत रुक्मा आरशासमोरच्या स्टँडवर पॅनेल चढवायलाही शिकली. दहावी नापास, पण हात हलका आणि नजर तयार.

गेल्या श्रावणात एका खेपेची अकरा पॅनेलं ओळीनं नापास झाली. इंजिनियर मनीषा खानापूरची, कामाला चोख. तिनं शेरा लिहिला, ‘भिंगं सदोष.’ पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यालाही कळवून टाकलं.

रुक्माला ते पटेना. दोन दिवस ती तशीच पॅनेलं चढवत-उतरवत राहिली. मोठ्या शिकलेल्या बाईला आपण काय सांगायचं? तिसऱ्या दिवशी मात्र न राहवून म्हणाली, “मॅडम, माल वाईट न्हाई वाटत मला.”

“रुक्माक्का, आकडे खोटं बोलतात का?”

“आकड्यांचं मला काय कळतंय. पन उन्हाळ्यात पास झालेलं जुनं पॅनेल एकदा लावून बघा की.”

जुनं पॅनेलही नापास झालं. मनीषाचा चेहरा उतरला.

रुक्मानं स्टँडला ओळंबा लावला. दोरी एका बाजूला सरकलेली. स्टँडच्या पायांखालच्या लाकडी पाचरी ओलीनं फुगल्या होत्या. स्टँड जराच कललं होतं, पण तेवढ्यानं उजेडाचा ठिपका सेलवरून घसरत होता.

“त्या पाचरी मीच घालायला सांगितल्या होत्या,” मनीषा म्हणाली.

“असू दे. पावसात आमच्या घराचं दार पन असंच अडतंय.”

लोखंडी पट्ट्या घालून अकराही पॅनेलं पुन्हा तपासली. नऊ पास झाली. दोन खरोखरच खराब निघाली. मनीषानं कारखान्याला फोन करून चूक कबूल केली आणि ती कुणी पकडली तेही सांगितलं. दिवाळीत आभाळ निवळल्यावर तीच नऊ पॅनेलं बाहेर खऱ्या उन्हात लावली. आकडे जुळले.

आता शेड उघडली की आधी जुनं पॅनेल लागतं. तपासनीस म्हणून कागदावर रुक्माची सही असते. झाडलोटीला दुसरी बाई आहे. आरसा मात्र रुक्मा तिला अजून पुसू देत नाही.