चांगुणाबुढीच्या अंगणातली झोप

धामणखेडात त्या हिवाळ्यात दिवसा तान्हं लेकरू रडत नसे.

सोनाळ्याहून दोन कोस आत, सातपुड्याच्या पायथ्याला साठ-सत्तर घरांचं हे गाव. कपाशी फुटली की सकाळी झाडून साऱ्या बाया वेचायला जात. मागे उरत ती म्हातारी माणसं, कुत्री आणि चांगुणाबुढीच्या अंगणात निंबाच्या फांद्यांना झोळ्यांत टांगलेली नऊ लेकरं. नवीन मराठी राज्य होऊन चार वर्षं झाली होती. गावात जिल्हा परिषदेची शाळा आली होती, शाळेला पडवी होती, आणि त्या पडवीत दर दुसऱ्या गुरुवारी सोनाळ्याच्या दवाखान्यातून नर्सबाई येऊन बसू लागली होती. तिच्याकडे लेकरू न्यायला मात्र कुणी तयार नव्हतं.

चांगुणा माळ्याघरची. नवरा होता तेव्हा वाण नदीच्या काठाला त्यांचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता. नवरा साप चावून गेला, मळा दिरांकडे गेला, आणि तिच्याकडे घर, अंगण आणि निंब एवढंच राहिलं. एका साली शेजारणीने वेचाईला जाताना आपलं पोर तिच्या ओटीत टाकलं. दुसऱ्या साली तीन आली. अकरा वर्षं झाली, आता गावातली निम्मी पोरं तिच्याच झोळीत वाढलेली होती आणि तिला चांगुणामाय म्हणत होती.

सकाळी लेकरू हातात आलं की ती जोंधळ्याच्या अर्ध्या दाण्याएवढी काळी गोळी दुधात उगाळायची आणि बोटाने त्याच्या जिभेवर चाटवायची. थोड्या वेळात लेकरू निजायचं ते उन्हं कलेपर्यंत. त्या गोळीला अफू असं कुणी म्हणत नसे. बाळगोळी म्हणत. चांगुणाला तिच्या आईने दिली होती, चांगुणाच्या लेकरांना तिच्या सासूने दिली होती.

नर्सबाईचं नाव सत्यभामाबाई. तिशीची, बारीक चणीची, कधी बैलगाडीने तर कधी पायी येणारी. पडवीच्या आढ्याला ती वजनाचा काटा टांगायची, त्याला कापडाची झोळी लावायची आणि वाट पाहत बसायची. पहिल्या खेपेला दोन बाया आल्या, दुसऱ्या खेपेला एक. धान्यासारखं लेकरू मोजलं तर त्याला दृष्ट लागते, असं बायांचं म्हणणं. तिसऱ्या खेपेला सत्यभामाबाईने काटा पडवीतच सोडला आणि ती विचारत विचारत चांगुणाच्या अंगणात आली.

ती फाटकापाशीच थबकली. नऊ झोळ्या, आणि एकही हालत नव्हती.

"आजी, ही सगळी एकाच वेळी झोपतात?"

"माह्या हाताची सवय हाय त्याइले," चांगुणा म्हणाली.

बाईने पहिल्या झोळीतल्या पोरीची पापणी बोटाने उचलली. मग दुसऱ्या झोळीतल्या पोराची. तिसऱ्या झोळीपाशी ती पोचेपर्यंत तिचे हात सावकाश चालू लागले होते.

"डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी झाली आहे. अफू देता ना?"

"अफू नाई म्हनत बाई तिले. बाळगोयी हाय. तुमच्याय आजीनं तुमाले देल्ली असंन."

"दिली असेल. माझ्या आजीची किती लेकरं गेली तेही मला माहीत आहे."

चांगुणाला राग आला. "तुमाले सोताचं लेकरू हाय का?"

"नाही."

"मंग कायले शिकोता मले?"

सत्यभामाबाईने पिशवी खांद्याला लावली. ती चिडली नाही, हेच चांगुणाला जास्त लागलं. जाता जाता ती म्हणाली, "या थंडीत यातलं एखादं उठणार नाही, आजी. कोणतं, ते मला सांगता येत नाही, एवढंच."

संध्याकाळपर्यंत हे बोलणं घरोघर गेलं, आणि जाता जाता त्याचा शाप झाला. नर्सबाईने लेकरांना शाप दिला. पुढच्या खेपांना ती गल्लीतून चालू लागली की दारं आतून लागत. काटा पडवीत रिकामाच लोंबकळत राहिला.

पण ते वाक्य चांगुणाच्या अंगणातून गेलं नाही.

त्यात आणखी एक गोष्ट झाली होती, ती फक्त तिलाच ठाऊक होती. पूर्वी सरकारी ठेक्याच्या दुकानात अफू मिळायची आणि तिची ताकद चांगुणाच्या बोटांना पाठ होती. ते दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. आता सोनाळ्याच्या बाजारात मोतीराम नावाचा माणूस सुंठ-ओव्याच्या पुड्या मांडून बसे आणि ओळखीच्या बाईला कमरेची वेगळी पुडी काढून देई. या खेपेला पुडी देताना तो हलकेच म्हणाला होता, "माल नवा हाय. जपून."

जपून म्हणजे किती, ते त्याने सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. नवा गोळा जास्त काळा होता, मऊ होता, बोटाला चिकटत होता. तिने गोळ्या बारीक केल्या, पण त्या नुसत्या नजरेने. लेकरं आता उन्हं कलली तरी उठेनात. दिवेलागणीला आया त्यांना हलवत, गालावर पाणी मारत. कचरूची बायको शालू आपल्या पोरीला उचलता उचलता एकदा म्हणाली, "चांगुणामाय, वच्छी रात्री पेलीच नाई वं. तोंडात घेते अन् सोडून देते."

"थंडी हाय," चांगुणा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने कापसाच्या बोंडातून एक तंतू उपसला आणि वच्छीच्या नाकापुढे धरला. तंतू हलला. तिला हायसं वाटलं. मग तिने तो सगळ्यांच्या नाकापुढे धरला. त्या दिवसापासून तिला तो नादच लागला. आधी दुपारी एकदा, मग तीनदा, मग भाकरीचा घास तोंडात असतानाही उठून. तंतू कधी फुरफुरत असे, कधी नुसता थरथरे, आणि कधी तो हलला की आपलाच हात हलला, हे तिला कळत नसे.

असाच तंतू धरून उभी असताना तिला तिची स्वतःची पोर आठवली. अडीच महिन्यांची. चांगुणा वेचाईहून परतली तेव्हा पोर पाळण्यात गार पडली होती. सटवाईनं नेली, असं सासू म्हणाली, आणि चाळीस वर्षं चांगुणाही तेच म्हणत आली. पण त्या सकाळी सासूने दोन गोळ्या दिल्या होत्या. पहिली पोरीने थुंकली असं समजून दुसरी दिली. चांगुणाने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. या दोन गोष्टी तिने आजवर एका जागी ठेवल्या नव्हत्या. आता त्या आपोआप एका जागी आल्या.

दुसऱ्या सकाळी तिने कुणालाच गोळी दिली नाही.

दुपारपर्यंत अंगणात आकांत झाला. नऊ लेकरं एकदम रडत होती. एकाला घ्यावं तर दुसरं झोळीबाहेर लोंबे. तो आवाज गावाशेजारच्या भगवंतराव पाटलांच्या शेतात पोचला. बाया ओटीतला कापूस टाकून धावत आल्या, पाजून परत गेल्या, पुन्हा आल्या. संध्याकाळी सरस्वती आपलं पोर न्यायला आली ती डोळे पुसतच. तिचा दयाराम सहा महिन्यांचा, दोन दिवसांपासून सर्दीने घुरघुरत होता.

"दोनदा आली त मुकादम म्हने उद्यापासून येऊ नको. माय, उद्या गोयी दे वं. तुह्या पाया पडतो."

"बाई म्हनते ते खरं असंन त?"

"बाई पोसनार हाय का आमाले?"

 दुसऱ्या सकाळी तिने गोळ्या उगाळल्या. परवाच्याहून लहान केल्या, असं तिला वाटलं. नऊ जिभांवर नऊदा बोट फिरलं. तो गुरुवार होता.

दुपार डोक्यावर आली. तिने तंतू घेतला आणि वच्छीपासून सुरुवात केली. तंतू हलला नाही. तिने हात दुसऱ्या हाताने घट्ट धरला आणि पुन्हा पाहिलं. वच्छीचे ओठ जांभळासारखे झाले होते. तिने पोरीला झोळीतून ओढून काढलं, तळव्यांवर चापट्या मारल्या. पोरीने एकदा, कुठून तरी खोलातून आल्यासारखा श्वास घेतला आणि पुन्हा गप्प झाली.

चांगुणा अनवाणी धावली. शाळेच्या पडवीत सत्यभामाबाई रिकाम्या काट्याजवळ वही मांडून एकटीच बसली होती.

"काय दिलं?" पोरगी हातात घेता घेता तिने विचारलं.

चांगुणाच्या जिभेवर सर्दी आली, थंडी आली, सटवाई आली. पोलीसही डोळ्यांपुढे आले. "अफू," ती म्हणाली. तो शब्द तिने जन्मात पहिल्यांदा उच्चारला. "म्या देल्ली. माल नवा हाय, कडक हाय."

बाईने पोरीला वहीवरच आडवं केलं, तिच्या नाकातोंडावर आपलं तोंड ठेवलं आणि हळूच फुंकर घातली. बारकी छाती वर आली. पुन्हा फुंकर, पुन्हा छाती. मध्येच मान वर करून तिने विचारलं, "आणखी कुणाला दिली?"

"समद्याइले. एकाच गोळ्यातली."

सत्यभामाबाईचा चेहरा चांगुणाला पुढे मरेपर्यंत विसरता आला नाही. "पळा. एकेकाला उचला, चिमटे काढा, रडवा. कुणाला झोपू देऊ नका. मला हिला सोडून येता येत नाही."

चांगुणा ओरडतच परत धावली. तिच्या हाकेने म्हातारी माणसं बाहेर आली. आंधळ्या कडूबाच्या हातात तिने एक पोर दिलं, दुसऱ्या म्हाताऱ्याला एक, पाणी भरून येणाऱ्या एका सुनेला दोन. "मारा त्याइले! रडवा!" एक कण्हलं. दुसऱ्याने बारीक सूर काढला. सात लेकरं रडायला लागली.

आठवा दयाराम. तिने उचलला तेव्हा त्याची मान तिच्या मनगटावरून मागे पडली. अंग गार होतं.

तरी ती त्याला घेऊन पडवीत गेली. सत्यभामाबाईने फुंकर न थांबवता एक हात पुढे केला, दयारामच्या मानेला दोन बोटं लावली, आणि मान हलवून पुन्हा वच्छीवर वाकली. मग कुणीतरी गाडी जुंपली. सोनाळ्यापर्यंतची सारी वाट बाई गाडीत वच्छीला श्वास देत गेली. वच्छी वाचली.

दिवेलागणीला भगवंतराव पाटील चांगुणाच्या ओसरीवर आले. "आकडी आली अन् पोरगं गेलं, असंच सांग. पोलीस आले त गावाची अब्रू जाईन."

चांगुणा उठून सरस्वतीच्या घरी गेली. सरस्वती पोराला मांडीवर घेऊन बसली होती आणि बाया भिंतीला लागून उभ्या होत्या.

"आकडी नाई वं," चांगुणा सगळ्यांदेखत म्हणाली. "माह्या गोयीनं गेला."

बायांत एकदम कालवा झाला. कुणी तिला ढकललं. सरस्वतीने मात्र हात वर करून सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. दार लागल्यावर तिने खाली पाहत विचारलं, "किती देल्ल्या होत्या?"

"एकच."

मांडीवरच्या पोराचं अंगडं तिने सारखं केलं. "पहाटे लय घुरघुरे, रडे," सरस्वती म्हणाली. "म्या घरीच एक चाटवली होती."

चांगुणाने तिच्या तोंडावर हात ठेवला. "हे तू मले सांगतलं नाई. म्या आयकलं नाई. माह्याच गोयीनं गेला."

आणि गावाने तेच मानलं. पोलिसांपर्यंत मात्र पाटलांनी काही जाऊ दिलं नाही. त्या रात्रीनंतर तिच्या अंगणात झोळी लागली नाही. विहिरीवर बाया तिच्यासाठी जागा सोडत, पण ती मानाने नव्हे. सरस्वतीही पुन्हा तिच्याशी बोलली नाही. चांगुणा समोर आली की तिचे डोळे भीतीने लहान होत, कारण जे दोघींनाच ठाऊक होतं ते चांगुणाच्या तोंडात होतं. ते तिथून कधीच बाहेर पडलं नाही, नर्सबाईपुढेही नाही.

पुढच्या खेपेच्या गुरुवारी शालू वच्छीला घेऊन पडवीत आली. तिच्यामागे आणखी पाच बाया आल्या. काट्याच्या झोळीत लेकरू ठेवताना त्या आधी त्याच्या गालाला काजळ लावत, पण ठेवत होत्या. होळीपर्यंत वहीत बावीस नावं झाली. सत्यभामाबाई वजनं लिही, घशात पाहे, टोचे, आणि प्रत्येक लेकराची पापणी उचले. चांगुणा पडवीच्या पायरीखाली बसून राही. एकदा बाईने वही मिटता मिटता विचारलं, "आजी, गावात लेकरं किती?"

"सव्वीस."

"मग चार घरं येत नाहीत."

ती चार घरं चांगुणाला विचारावी लागली नाहीत. मोतीराम अजून बाजारात बसत होता, आणि त्याच्यापुढे कोण वाकतं ते ती लांबून पाहत होती. पुढच्या साली कपाशी फुटली तेव्हा त्या चारांना सरस्वतीचंही घर येऊन मिळालं होतं. तिला दुसरं पोर झालं होतं, दीड महिन्याचं.

मग चांगुणा बायांच्या आधी उठू लागली. अंधार पुरता फाटायच्या आत ती पहिल्या दारापुढे जाऊन बसे. शिव्या पडत, अंगावर पाणी येई. ती हलत नसे. दार उघडेपर्यंत एकच म्हणे, "लेकरू दाखोव. डोये उघडे दाखोव." दाखवलं की उठून दुसऱ्या दारी.

सरस्वतीचं दार शेवटी असे. तिथे ती आवाज देत नसे, नुसती बसे. आत बराच वेळ काही हालचाल नसे आणि तेवढा वेळ चांगुणा दाराच्या फटीला कान लावून राही. मग कडी निघे, दार वीतभर उघडे. फटीतून एक हात पोराला उजेडाकडे धरी. पोर डोळे मिचकावी, तोंड वाकडं करी. दार लागे. चांगुणा गुडघ्यांवर हात टेकून उठे आणि थंडीत घरी जाई. दुसऱ्या पहाटे पुन्हा येई.